मेंढीच्या तोंडातलं बी

तुमच्या घरापासून चालत जाता येईल अशा माळावर, कुणी न लावता आणि कुणी पाणी न घालता उगवणाऱ्या पाच झाडांची नावं तुम्हाला आत्ता सांगता येतील का? मोबाइल बाजूला ठेवा. गुलमोहर चालणार नाही, तो बाहेरून आलेला आहे. कडुनिंब सगळेच सांगतात, म्हणून तोही सोडा.

मला तीन आली असती. त्या तीन नावांच्या जोरावर मी आमच्या गावच्या डोंगराबद्दल एक पत्रक लिहिलं, छापून आणलं आणि घरोघर वाटलं. त्या पत्रकामुळे आमच्या घरामागे राहणाऱ्या एका बाईच्या चाळीस मेंढ्या विकायची वेळ आली होती. त्या विकल्या गेल्या नाहीत, याचं श्रेय माझं नाही. ज्यांचं आहे त्यांचे आभार मानायला मी हे लिहिते आहे.

आमचं गाव चौसाळ्याच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याला. माझे वडील, त्यांना मी आण्णा म्हणते, बीडच्या एका छापखान्यात खिळे जुळवायचे. तिथे वाया गेलेली पत्रकं ते घरी आणत. एका बाजूला मोर्चा, धरणं, पाण्याची मागणी. दुसरी बाजू कोरी. मी अ-आ-ई त्या कोऱ्या बाजूवर गिरवली. पालथं केलं की वाचायला मिळायचं, ‘बंधू-भगिनींनो, जागे व्हा!’ शाळेत ‘माझी आई’ हा निबंध लिहायला सांगितला, तर मी शेवटी पाच मागण्या लिहून आले होते. बाईंनी तांबड्या शाईने विचारलं होतं, ‘या कोणाकडे?’

छापखाना बंद झाला तेव्हा आण्णांनी तिथले शाईचे रिकामे डबे पोत्यात भरून आणले. का आणले ते त्यांनाही सांगता येत नव्हतं. कित्येक वर्षं ते डबे गच्चीवर पालथे पडून होते. 

दोन वर्षांपूर्वी मी शिक्षण संपवून परत आले आणि डोंगराकडे बघून मला रडू आलं. लहानपणी तिथे बाभळी होत्या, हिवर होते, बोरी होत्या. आता खडक आणि मधूनमधून घाणेरीची झुडपं. मी ठरवलं, आपण देशी झाडांची रोपं गच्चीवर वाढवायची, पावसाळ्यात डोंगरावर नेऊन लावायची, आणि गावातल्या प्रत्येक घराला तेच करायला लावायचं. बेत चांगला होता. आजही मला तो चांगला वाटतो. शाईच्या डब्यांना खिळ्याने भोकं पाडली, माती भरली, बाभळीच्या शेंगा फोडून बी काढलं, एकेका डब्यात तीन तीन पेरलं. सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं.

काहीच उगवलं नाही. मातीला बुरशीचा वास यायला लागला. दुसऱ्यांदा पेरलं, तेही गेलं.

इथे मी कुणाला तरी विचारायला हवं होतं. आमच्या गल्लीत शेती न केलेलं घर नाही. पण मी विचारलं नाही. मी दोषी शोधायला निघाले. पत्रकं वाचून वाढलेल्या माणसाची ही खोड आहे: काही बिघडलं की आधी ‘कोण जबाबदार?’ असं शीर्षक सुचतं. त्याच आठवड्यात एका संध्याकाळी मी डोंगराच्या उतारावर मेंढ्या चरताना पाहिल्या. एक मेंढी कोवळा शेंडा ओरबाडत होती. मला माझा जबाबदार सापडला.

रात्रीच्या जेवणालाही न थांबता मी पत्रक लिहून काढलं. ‘डोंगर वाचवा, गाव वाचवा!’ मागणी पहिली, झाडतोड थांबवा. मागणी दुसरी, प्रत्येक घराने दहा देशी रोपं वाढवावीत. मागणी तिसरी, डोंगरावरील शेळ्या-मेंढ्यांची चराई तात्काळ व कायमची बंद करा! आण्णांनी चष्मा लावून वाचलं. दोन ठिकाणी अनुस्वार दिला. तिसऱ्या मागणीवर त्यांचं बोट जरा थांबलं, मग त्यांनी कागद परत दिला.

पत्रक सरपंचांना इतकं आवडलं की मला शंका यायला हवी होती. ते गावातले मोठे शेतकरी. त्यांच्याकडे शेळीही नाही, मेंढीही नाही. गावाच्या वेशीवर ‘आदर्श गाव’ अशी पाटी लागावी ही त्यांची जुनी हौस. त्यांनी चराईबंदीचा विषय येत्या ग्रामसभेच्या कागदावर घेतला आणि मला म्हणाले, “ताई, तुमच्यासारखे शिकलेले लोक गावात पाहिजेत.” मी दोन दिवस तरंगत होते.

तिसऱ्या दिवशी मावशी आली.

मावशी म्हणजे आमच्या घरामागच्या मोकळ्या जागेत राहणारी धनगराची बाई. नवरा गेलेला, मुलगा पुण्याकडे कामाला. चाळीस मेंढ्या ती एकटी वळते. तिची जाळी, जिला ती वाघर म्हणते, आमच्या गच्चीवरून दिसते. संध्याकाळी मेंढ्या त्या जाळीत कोंडल्या की त्यांचा वास आमच्या स्वयंपाकघरापर्यंत येतो. लहानपणापासून मी तो वास ओळखते. त्या बाईशी मात्र मी ‘बऱ्या आहात का’च्या पुढे कधी बोलले नव्हते.

ती जिना चढून गच्चीवर आली. हातात कागदाची पुडी. वाण्याने तिला माझ्याच पत्रकात गूळ बांधून दिला होता.

“चक्कीवर बाया म्हनत हुत्या, डोंगर बंद व्हनार हाय. ह्यात लिवलंय म्हनं. आण्णाची पोरगी लिव्हती म्हनं.” तिने पुडी उलगडली, गुळाचा खडा पदरात बांधला आणि कागद माझ्यापुढे धरला. “वाच बरं.”

मी वाचलं. पहिली मागणी मोठ्याने वाचली, दुसरीही. तिसरी वाचताना माझा आवाज आपोआप खाली आला, पण शब्द तेच राहिले.

“कायमची म्हंजी?” तिने विचारलं.

“म्हणजे नेहमीसाठी.”

“पुढल्या साली पन न्हाई?”

“नाही.”

तिने डोंगराकडे हात केला. मग म्हणाली, “मंग माज्या मेंढ्या कुटं चारू? तुज्या ह्या स्लॅपावर?”

मला हसू आलं नाही, आणि तिलाही आलं नव्हतं. सुगी झाल्यावर तिच्या मेंढ्या शेतकऱ्यांच्या रानात बसतात. लेंडीखतासाठी लोक स्वतः बोलावतात, अगदी तेलगावच्या बाजूलाही ती त्यांना घेऊन जाते. पण पावसाळ्यात सगळी रानं पेरलेली. तेव्हा डोंगराखेरीज तिला जागाच नाही. डोंगर बंद म्हणजे मेंढ्या विकायच्या, आणि ग्रामसभेला तीन आठवडे राहिले होते. हे सगळं तिने मला चार वाक्यांत सांगितलं. मी शहरात एवढी वर्षं ‘वंचितांचा आवाज’ या विषयावर बोलत होते आणि घराच्या मागच्या भिंतीपलीकडे काय आहे ते मला ठाऊक नव्हतं.

“मावशी, पण झाडं मेंढ्याच खातात ना,” मी तरी म्हणाले. हट्ट लगेच जात नाही.

“खात्यात की. न खाऊन जात्यात कुटं?” तिचं लक्ष डब्यांकडे गेलं. “ह्यात काय हाय?”

“बाभळीचं बी. उगवतच नाही.”

“कुटलं आनलंस?”

“शेंगा फोडून काढलं. अगदी स्वच्छ, निवडून.”

तेव्हा मात्र ती हसली. पदर तोंडाला लावून, गुडघ्यावर हात टेकवून हसली.

“का हसताय?”

“आगं, सवच्छ! बाभळीचं बी लई टनक असतंय. ते मेंढीच्या तोंडातनं गेल्याबिगर उगवतंय व्हय? तू लाखभर बी पेर, पुढल्या साली एखादं वर येईल. तोवर तू म्हातारी!” मग ती एकदम गंभीर झाली. “निम्मे डबे मला दे. माझं बी लाव त्यात. आनि कुनाचं वर येतंय ते बघ. मग काय लिवायचं ते लिव.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मेंढ्या बाहेर पडल्यावर मी पहिल्यांदा त्या वाघरीत शिरले. आणि मी खाली बघितलं. चाळीस मेंढ्यांनी तुडवलेल्या लेंड्यांच्या गादीवर, काळसर तपकिरी, चपटं, चमकणारं बी सगळीकडे पसरलेलं होतं. मूठभर नाही, सूपभर. मावशीने सांगितलं, उन्हाळ्यात ती आकडीने शेंगा पाडते, मेंढ्या त्या अधाशासारख्या खातात, आणि मग बसून रवंथ करताना टणक बी तोंडातून बाहेर टाकतात. काही पोटातून जातं, लेंडीत सापडतं. बोराच्या आठळ्याही तशाच. तिच्या सासूने हेच बी गोळा करून बांधावर आणि ओढ्याकाठी टाकलं होतं. आमच्या ओढ्याकाठच्या जुन्या बाभळी त्याच बियांच्या.

मी उकिडवी बसून बी वेचत होते आणि मला माझी तिसरी मागणी आठवत होती. ज्या डोंगरावर झाडं हवीत म्हणून मी मेंढ्या हाकलायला निघाले होते, त्या डोंगरावर झाड लावणारी मेंढीच होती.

पण मन कबूल करेना. आण्णांनी मला पुराव्याशिवाय काही मानायचं नाही असं शिकवलं होतं, आणि आता तेच कामाला आलं. गच्चीवर डब्यांच्या दोन ओळी केल्या. डावीकडे माझं निवडलेलं बी, उजवीकडे मावशीचं. माती तीच, ऊन तेच. मावशीने फक्त एक अट घातली.

“रोज पानी घालू नगंस. माळावरचं झाड हाय ते, जावई न्हाई आलेला.”

मग ती दर सकाळी मेंढ्या सोडायच्या आधी वर यायला लागली. निमित्त डब्यांचं. पण हळूहळू तिने पदरात काहीतरी बांधून आणायला सुरुवात केली. एक दिवस तरवडाच्या शेंगा. एक दिवस शतावरीचा गड्डा. एक दिवस पाथरीचं रोप मुळासकट, “ह्याची भाजी करून घाल आण्णाला, डोकं थंड व्हईल.” एकदा कुसळी गवताचा जुडगा, त्याची कुसळं आण्णांच्या धोतरात अशी घुसली की ते दिवसभर उभ्यानेच वर्तमानपत्र वाचत होते. प्रत्येक वेळी ती नाव सांगे, मी वहीत लिहून घेई, आणि ती विचारी, “लिवलंस? आता ह्यावर बंदी न्हाई ना आनत?”

त्या टोमण्याची मला सवय झाली. खरं सांगायचं तर मी त्याची वाट बघायला लागले.

नवव्या सकाळी उजवीकडच्या ओळीत माती उकलली. एक फिकट हिरवा आकडा, पाठीवर बियाचं टरफल घेऊन. संध्याकाळपर्यंत आणखी तीन. चार दिवसांनी मावशीच्या ओळीतल्या बहुतेक डब्यांत बाभळीची चिमुकली पिसासारखी पानं हलत होती. माझ्या ओळीत दोनच डब्यांत काहीतरी आलं होतं, आणि त्यातलं एक मावशीने वाकून बघितलं.

“हे गाजरगवत हाय.”

मी आण्णांना वर बोलावलं. ते जिना चढायला कंटाळतात, पण आले. दोन्ही ओळी बघितल्या, मान हलवली आणि पाण्याच्या टाकीच्या कडेला बसले. मी विचारलं, छापून वाटलेलं पत्रक मागे कसं घेतात?

“मी एक घेतलं न्हवतं,” ते म्हणाले. 

मग त्यांनी मला अशी गोष्ट सांगितली जी त्यांनी कधीच सांगितली नव्हती. फार पूर्वी गावातला हातपंप सारखा बिघडायचा. आण्णांनी पत्रक काढलं की दुरुस्तीचा माणूस त्याचे भाग चोरून विकतो. पुढे कळलं की भाग मुळातच आले नव्हते. आण्णांनी त्या माणसाची एकट्यात माफी मागितली. पण पत्रक गावभर गेलं होतं आणि माफी फक्त एका ओसरीवर. “तो अजून मला रामराम घालतो. मला तो घेताना लाज वाटती.” टाकीवरून उठत ते म्हणाले, “जितक्या घरात गेलतं तितक्या घरात परत जायचं. सोपं हाय. लई अवघड हाय.”

मी नवीन पत्रक लिहिलं. आयुष्यातलं सगळ्यात छोटं. ‘मागच्या पत्रकातली तिसरी मागणी चुकीची होती. ती मी ज्यांच्याबद्दल केली त्यांना न विचारता केली. ती मागे घेते. का, ते ग्रामसभेत दाखवते.’ उद्गारचिन्ह एकही नाही. आण्णांनी वाचलं आणि या वेळी एकही अनुस्वार दिला नाही. मग मी ते छापून त्याच घरांत पुन्हा वाटलं.

ग्रामसभेच्या दिवशी मी आणि आण्णांनी ते डबे टोमॅटोच्या क्रेटमध्ये भरून शाळेच्या पटांगणात नेले. आण्णांनी एक डबा कडेवर धरला होता. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, “आण्णा, नातू झाला काय?” आण्णांनी उत्तर दिलं, “बारसं हाय, बस खाली.”

सरपंचांनी क्रेट बघून कपाळाला हात लावला. “ताई, ही ग्रामसभा हाय का नर्सरी?”

मी उभी राहिले. मी मोर्च्यात घोषणा दिल्या आहेत, महाविद्यालयात वादविवाद जिंकले आहेत, पण ‘माझं चुकलं’ हे वाक्य चारचौघांत उभं राहून कधी म्हटलं नव्हतं. मी दोन्ही ओळी मांडल्या. कुठलं बी कुठून आलं ते सांगितलं. तिसरी मागणी मागे घेते म्हणाले.

“तुमीच लिवलं, तुमीच खोडता?” सरपंच म्हणाले. लोक हसले. मागे एकजण पुटपुटला, “पोरीला मेंढरानं चावलं वाटतं,” त्याला दुसऱ्याने “गप बे” म्हणून दाबलं.

“मग बंदी नको म्हनता? सगळं खाऊन टाकू द्या?” सरपंचांचा प्रश्न रास्त होता, हे मला आज मान्य आहे.

उत्तर मावशीकडे होतं. ती पटांगणाच्या फाटकाशी काठीवर हनुवटी टेकून उभी होती. ती तिथूनच बोलली. 

“सरपंच, मेंढी रोप खाती. मी काय खोटं बोलू? कवळं हाय तोवर खाती. कमरेइतकं झालं की न्हाई खात, खालच्या शेंगा खाती. पावसाळ्यात वरला उतार मी सोडते, दिवाळीपोतर. तिकडं ही पोरगी तिचे डबे लावू द्या. खालची बाजू आनि ओढा मला ऱ्हाऊ द्या. पुढल्या साली उतार बदला. आमच्यात असंच करत हुते पयले. कुनी इचारलंच न्हाई म्हून सांगितलं न्हाई.”

मला वाटतं, गावाने तिला इतकं लांब बोलताना पहिल्यांदाच ऐकलं. मग शाळेच्या ओट्यावर बसलेले एक वयस्कर शेतकरी म्हणाले, “बरोबर हाय तिचं. माझ्या बापाच्या टायमाला असंच हुतं.” सरपंचांनी जरा वेळ पेन फिरवलं आणि हात वर करायला सांगितलं. कागदावरचे ‘कायमची चराईबंदी’ हे शब्द खोडले गेले. त्या जागी वरचा उतार, दिवाळीपर्यंत, आळीपाळीने. पाटीचं काय झालं ते विचारू नका. सरपंच अजून माझ्याशी मोजकंच बोलतात.

घरी परतताना मी मावशीला म्हणाले, “माफ करा.” ती म्हणाली, “डबे उचल आधी, ऊन लागतंय त्यास्नी.”

त्या पावसाळ्यात आम्ही ती रोपं वरच्या उतारावर लावली. सगळी जगली नाहीत. काही पावसाने ओढ दिल्यावर वाळली, एक मेंढीने खाल्लं आणि मावशीने तिला गावाने ऐकावं अशा शिव्या दिल्या. उरलेली आता माझ्या गुडघ्याच्या वर गेली आहेत. गच्चीवरचे डबे पुन्हा भरले आहेत: बाभूळ, हिवर, बोर, तरवड, शतावरी आणि एका फुटक्या माठात पाथरी, जी आण्णा आठवड्यातून दोनदा खातात आणि डोकं थंड झाल्याचा दावा करतात. मावशी अजून सकाळी वर येते. तिच्या मेंढ्या आता त्रेचाळीस आहेत. तिघींचा जन्म ग्रामसभेनंतरचा.

मी सकाळी त्या डब्यांमध्ये उभी असते तेव्हा मला फार कमी वेळा राग येतो. माझ्या ओळखीच्यांना हे खरं वाटत नाही. पण मला माझ्या चुकीबद्दल कृतज्ञ वाटतं, कारण ती मला तोंडावर, हसून आणि वेळेत दाखवली गेली. ज्या बाईच्या पोटावर मी पाय दिला होता तिने मला शिव्या देण्याऐवजी बी दिलं. प्रत्येकाला एवढी उदार शेजारीण मिळत नाही, आणि मिळेल असं गृहीत धरून कुणी लिहू नये.

सवयीने मागण्या कराव्याशा वाटतात. या वेळी एक विनंती करते. घरातला एक रिकामा डबा घ्या, त्याला भोकं पाडा. तुमच्या माळावर मेंढ्या वळणाऱ्या माणसाकडे सकाळी जा, त्याला मूठभर बी मागा आणि प्रत्येक बियाचं नाव त्याच्याकडूनच विचारा. रोप हातभर झालं की ते कुठे लावायचं तेही त्यालाच विचारा. आणि त्या माणसाबद्दल कधी काही लिहिणार असाल, तर छापायला देण्याआधी त्याच्यासमोर बसून मोठ्याने वाचून दाखवा.